छायाचित्राचे मूळ व संगणकाची रूढी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय चिटणीसांनी जाहीर केला तेव्हा सभागृहात थोडीशी चुळबुळ झाली, ती आमच्या नजरेतून सुटली नाही. संगणकावर छायाचित्रांची दुरुस्ती करण्यासाठी जो प्रोग्राम आपोआप उघडतो तो कसा बदलावा, हा काय स्नेहसंमेलनात बोलण्याचा विषय आहे, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. त्यातून बोलणारा कोण, तर जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन जन्मभर प्राथमिक शाळेत खडू व फळा यांच्या संगतीत राहिलेला आमच्यासारखा निवृत्त शिक्षक. आमच्या हाती संगणक आला तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर. तेव्हा या विषयातील अधिकारी म्हणून बोलण्याची आमची योग्यता नाही, हे आरंभीच कबूल करतो. आम्ही येथे उभे आहोत ते एक अपराधी म्हणून. ज्याच्या हातून चूक घडली त्याची साक्ष पुष्कळदा पंडिताच्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडते, एवढ्याच भरवशावर आपण आम्हांस अर्धा तास द्यावा, अशी विनंती आहे.

घडलेली हकीकत प्रथम सांगतो.

२०१९ च्या दिवाळीनंतर संस्थेने जुन्या छायाचित्रांचा संग्रह करावयास घेतला, हे आपणांस स्मरत असेल. पेट्यांच्या तळाशी, देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर, जुन्या वह्यांच्या पानांत दडलेली चित्रे सभासदांनी आपण होऊन आणून दिली. त्या वेळी चिपळूणच्या एका वयोवृद्ध भगिनींनी १९६४ सालच्या आपल्या संमेलनाचे एक समूहचित्र मोठ्या विश्वासाने आमच्या स्वाधीन केले. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले चित्र. पुढे सतरंजीवर मुले, मध्ये खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, त्यांच्या मागे दोन रांगांत उभे असलेले तरुण. एकंदर सदतीस माणसे. पुठ्ठ्याच्या तळाशी काळ्या शाईने, सुबक अक्षरांत, रांगेवार प्रत्येकाचे नाव लिहिलेले. शेवटच्या रांगेत डावीकडून चौथे उभे होते ते त्या भगिनींचे यजमान, विवाहापूर्वीचे. त्यांच्या तरुणपणाचे दुसरे छायाचित्र घरात नव्हते. संस्थेच्या कार्यालयात चित्राचे स्कॅनिंग झाले आणि मूळ चित्र आम्ही स्वतः चिपळूणला जाऊन परत केले.

पुढील वर्षी स्मरणिकेत त्या काळच्या चिटणीसांचे छायाचित्र छापावयाचे ठरले. समूहचित्रात ते मध्यभागी बसलेले होते. आम्ही कार्यालयातील संगणकापुढे बसलो, चित्राच्या फायलीवर माऊसची उजवी कळ दाबली आणि समोर आलेल्या यादीतून 'एडिट' हा शब्द निवडला. एक प्रोग्राम उघडला. तो आम्ही निवडलेला नव्हता. संगणकानेच तो पुढे केला होता. चिटणीसांच्या चेहऱ्याभोवती चौकट आखून आम्ही 'क्रॉप' दाबले. चौकटीतील चेहरा तेवढा राहिला, बाकीचे सारे नाहीसे झाले. मग 'सेव्ह' दाबले. चित्र छापखान्यात गेले, उत्तम छापले गेले, चार लोकांनी वाखाणणीही केली.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. त्या भगिनींच्या घराची खालची खोली पाण्याखाली गेली आणि भिंतीवरील ते चित्र चिखलाने काचेला चिकटून नष्ट झाले. त्या वर्षी दिवाळीत त्यांचा आम्हांस फोन आला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, घरातला फोटो गेला तो गेला. पुरापुढे कुणाचं काय चालतं? पण तुमच्याकडे ठेवलाय ना, त्याची एक प्रत काढून द्या."

"काकू, आजच पाठवितो," असे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले आणि फाईल उघडली. पडद्यावर चिटणीस होते, एकटेच. उरलेली छत्तीस माणसे आणि तळाची सगळी नावे आम्ही आपल्याच बोटाने पुसून टाकली होती, आणि वर्षभर आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता.

आमची नात त्या वेळी आठवीत होती. तिला बोलावून आम्ही म्हटले, "बाळ, टाकून दिलेल्या फायली कचरापेटीत सापडतात ना? तेथे पाहा." तिने एकवार पडद्याकडे व एकवार आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, तिथे नाही मिळणार. तुम्ही फाईल डिलीट केली नाहीत. तुम्ही तिच्यावरच दुसरं लिहिलंत."

चाळीस वर्षे फळ्यावर लिहून पुसणाऱ्या माणसास हे वाक्य समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. कागद टोपलीत टाकला तर तो उचलून पुन्हा सरळ करता येतो; फळ्यावरील अक्षर पुसून त्याच जागी दुसरे लिहिले तर पहिले परत येत नाही. संगणकात फायलींच्या पूर्वीच्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय असते खरी. परंतु ती अगोदर सुरू करून ठेवावी लागते, आणि आमच्या कार्यालयात ती कोणी सुरू केलेली नव्हती.

दोष कोणाचा, हा प्रश्न त्या दिवसापासून आम्ही स्वतःस अनेक वेळा विचारला. त्या प्रोग्रामाचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. 'कापून टाक' म्हटले, त्याने कापले. 'जपून ठेव' म्हटले, त्याने कापलेले जपून ठेवले. दोष आमच्या अज्ञानाचा होता. कोणत्या आज्ञेने कोणता प्रोग्राम उघडतो हे आम्हांस ठाऊक नव्हते, ते बदलता येते हे ठाऊक नव्हते, आणि मूळ व प्रत यांतील भेद संगणक आपण होऊन पाळीत नाही हेही ठाऊक नव्हते. या तीन गोष्टी आम्ही नंतर नातीकडून, पुस्तकांतून व स्वतः चाचपडून शिकलो. त्याच आज आपणांपुढे ठेवावयाच्या आहेत.

आता पहिली गोष्ट. आपण चित्राच्या फायलीवर दोनदा टिचकी मारतो आणि एखादा ठराविक प्रोग्राम उघडतो. हा प्रोग्राम संगणक कसा निवडतो? तो चित्र पाहून निवडत नाही. फायलीच्या नावात शेवटी एक टिंब असते आणि टिंबापुढे तीन-चार अक्षरे असतात: जेपीजी, जेपीईजी, पीएनजी, टीआयएफ अशी. हे फायलीचे आडनाव समजा. संगणकाजवळ एक वही असते. अमुक आडनावाचा पाहुणा आला तर त्यास अमुक घरी न्यावे, असे तीत लिहिलेले असते. पाहुणा कोण, कशासाठी आला, त्याची प्रकृती कशी, याची विचारपूस संगणक करीत नाही. आडनाव पाहायचे आणि पंगत ठरवायची, एवढेच. ही पद्धत आपणांस अगदीच अपरिचित आहे असे आम्ही म्हणणार नाही.

वहीतील या नोंदीस इंग्रजीत 'डीफॉल्ट' म्हणतात. आपण काहीच सांगितले नाही तर जे होते ते डीफॉल्ट. आम्हांस त्यासाठी आपल्या ओळखीचा एक शब्द सुचतो, तो म्हणजे रूढी. कोणी तरी, केव्हा तरी, आपल्या सोयीने एक गोष्ट ठरवून ठेवतो; पुढे येणारे ती का ठरली हे न विचारता पाळीत राहतात; आणि काही काळाने ती निसर्गनियमच आहे असे सर्वांस वाटू लागते. विंडोज या प्रणालीबरोबर 'पेंट' नावाचा चित्रे काढण्याचा छोटा प्रोग्राम १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून येत आला आहे. २०१७ साली त्याचा विकास थांबविण्याचे घाटत होते, परंतु लोकांनी त्याच्याविषयी एवढा जिव्हाळा दाखविला की तो राहिला. आता त्या गोष्टीस चार दशके झाली. रेघोट्या ओढण्यासाठी, छोट्या कामासाठी तो फार चांगला आहे. मुलांस तर अवश्य द्यावा. परंतु आपल्या आजोबांच्या एकुलत्या एक छायाचित्रावर कोणत्या हत्याराने काम करावे, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे. संगणकाबरोबर जे आले ते आपल्यासाठी योग्यच असेल असे मानण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक बारकाईने ऐकावी, कारण येथे जाणकारही चुकतात. 'उघडणे' आणि 'दुरुस्त करणे' या संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या आज्ञा आहेत व त्यांच्या नोंदीही वेगळ्या आहेत. दोन टिचक्या मारल्या म्हणजे 'उघडणे' ही आज्ञा होते. उजवी कळ दाबून 'एडिट' म्हटले की 'दुरुस्त करणे' ही आज्ञा होते. विंडोज १० पर्यंतच्या संगणकांत आपण उघडण्याचा प्रोग्राम कितीही वेळा बदलला तरी 'एडिट' म्हटल्यावर पेंटच उघडत असे, आणि लोक चकित होत. त्याचे कारण असे की 'एडिट'ची नोंद 'रजिस्ट्री' नावाच्या संगणकाच्या मूळ दफ्तरात निराळ्या पानावर असते. ते दफ्तर उघडून ती ओळ बदलता येते. परंतु तेथे एक अक्षर चुकले तर भलतेच काही बिघडू शकते. सबब ज्यास त्यातील ज्ञान नाही त्याने तेथे हात घालू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. त्याची गरजही नाही. 'एडिट' या शब्दाच्या वाटेस न जाता 'ओपन विथ' या आज्ञेने हव्या त्या प्रोग्रामात चित्र नेता येते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तर यादीतच पेंट, फोटोज अशी प्रोग्रामांची नावे दिसतात. म्हणजे निदान आपण कोणाच्या दारात जात आहोत हे कळते.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. तरुण मंडळींस हे हास्यास्पद वाटेल. परंतु आमच्या वयाच्या सभासदांनी कागदावर टिपून घ्यावे.

विंडोज १० असलेल्या संगणकावर चित्राच्या फायलीवर उजवी कळ दाबावी. यादीत 'ओपन विथ' असे असते, त्यातून 'चूज अनदर ॲप' निवडावे. संगणकातील प्रोग्रामांची यादी येते. हवा तो प्रोग्राम निवडावा आणि खाली 'ऑलवेज यूज धिस ॲप' असे लिहिलेली जी छोटी चौकट असते तीत खूण करून 'ओके' म्हणावे. ती खूण केली नाही तर बदल त्या एका वेळेपुरताच होतो. विंडोज ११ मध्ये खुणेच्या ऐवजी 'ऑलवेज' व 'जस्ट वन्स', म्हणजे 'नेहमी' व 'या वेळेपुरते', अशी दोन बटणे असतात. दुसरा मार्ग असा: 'सेटिंग्ज'मध्ये जावे, तेथून 'ॲप्स', तेथून 'डीफॉल्ट ॲप्स', तेथे आडनावांप्रमाणे नोंदी बदलता येतात. विंडोज १० ची नियमित साथ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविली असली तरी आपल्या पुष्कळ घरांत अजून तेच आहे, म्हणून दोहोंची रीत सांगितली.

मॅक वापरणाऱ्यांनी फाईल निवडून 'गेट इन्फो' उघडावे, त्यातील 'ओपन विथ'खाली प्रोग्राम निवडावा आणि 'चेंज ऑल' दाबावे. मात्र तेथे एक सावधगिरी हवी. मॅकमधील 'प्रिव्ह्यू' हा चित्रे दाखविणारा प्रोग्राम दुरुस्तीही करतो, आणि २०११ नंतरच्या आवृत्त्यांत केलेला बदल तो आपण न सांगताही जतन करतो. परत मागे जाण्याची सोय तेथे आहे. परंतु सोय असणे आणि ती वेळेवर आठवणे यांत अंतर असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

यासंबंधी तीन सूचना ध्यानात ठेवाव्या. प्रत्येक आडनावाची नोंद स्वतंत्र असते; जेपीजीची बदलली म्हणून पीएनजीची बदलत नाही. जेपीजी व जेपीईजी ही एकाच घराण्यातील दोन आडनावे, तरी त्यांचीसुद्धा नोंद वेगवेगळी. दुसरे असे की नवा प्रोग्राम नुसता संगणकात घेतला म्हणून तो डीफॉल्ट होत नाही. विंडोज १० पासून हा निर्णय वापरणाऱ्याने स्वतः करावा अशी व्यवस्था आहे, आणि ती आम्हांस योग्य वाटते. तिसरे, संगणकाची मोठी सुधारित आवृत्ती बसविल्यावर कधी कधी आपण केलेली निवड जाऊन जुनी रूढी पुन्हा स्थापन झालेली आढळते. तेव्हा एकदा बदलले म्हणून निश्चिंत राहू नये, अधूनमधून पाहावे.

कृती झाली; आता निवड कशाची करावी? येथेच आमच्या भाषणाचे सार आहे. आमचे मत असे की दोन टिचक्यांनी जो प्रोग्राम उघडावयाचा तो केवळ दाखविणारा असावा, बदलणारा नसावा. घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आपण कात्री देत नाही. चित्र पाहावयाचे असते शंभर वेळा, कापावयाचे असते एखाद्या वेळी. मग दरवाजा उघडताच कात्री हाती यावी अशी रचना का ठेवावी? विंडोजमधील 'फोटोज' किंवा इरफान स्किल्यान या गृहस्थांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला 'इरफानव्ह्यू' हे पाहण्याच्या कामी सोयीचे आहेत. या दोहोंतही थोडीबहुत दुरुस्ती करता येते. तेव्हा तेथेही 'सेव्ह' व 'सेव्ह ॲज' यांतील भेद विसरू नये. 'सेव्ह' म्हणजे त्याच फायलीवर लिहिणे. 'सेव्ह ॲज' म्हणजे नवे नाव देऊन वेगळी फाईल करणे. आमचे सारे पाप या एका 'ॲज'च्या अभावी घडले.

दुरुस्तीसाठी वेगळा प्रोग्राम ठेवावा आणि तो 'ओपन विथ' म्हणून मुद्दाम बोलवावा. फोटोशॉपचे नाव सर्वांस ठाऊक आहे. थॉमस व जॉन नॉल या बंधूंनी तो तयार केला आणि १९९० साली तो बाजारात आला. व्यावसायिकांस तो हवाच. परंतु २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणी भरूनच मिळतात, आणि वर्षातून चार चित्रे नीट करणाऱ्या कुटुंबास तो खर्च परवडण्यासारखा नाही. अशांसाठी 'गिम्प' हा विनामूल्य प्रोग्राम आहे. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोघां विद्यार्थ्यांनी १९९५ साली तो आरंभिला, आणि आज जगभरातील स्वयंसेवक तो चालवितात. २०२५ च्या मार्च महिन्यात त्याची तिसरी मोठी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तो शिकावयास थोडा अवघड आहे, उघडण्यास वेळ घेतो. परंतु त्याचा एक गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. २०१२ सालच्या आवृत्तीपासून त्यात 'सेव्ह' म्हटले तर चित्र त्याच्या स्वतःच्या वेगळ्या स्वरूपात, म्हणजे वेगळ्या आडनावाने साठविले जाते. जेपीजी हवे असेल तर 'एक्सपोर्ट' अशी निराळी आज्ञा द्यावी लागते. मूळ फायलीवर लिहावयाचे झाले तर त्यासाठी 'ओव्हरराइट' हा शब्द जाणूनबुजून निवडावा लागतो. पुष्कळ लोकांनी याबद्दल कुरकुर केली, की हा प्रोग्राम उगाच अडवणूक करतो. आम्हांस मात्र तो दारावर बसलेल्या एखाद्या जुन्या, इमानी गुरख्यासारखा वाटतो. त्या दिवशी आमच्या हाताशी तो असता, तर आमचे 'सेव्ह' सदतीस माणसांवर पडले नसते.

ज्यांच्या घरी संगणक नाही, केवळ मोबाइल आहे, त्यांनीही हे आपणांस लागू नाही असे समजू नये. आयफोनमधील चित्रसंग्रह दुरुस्तीनंतरही मूळ सांभाळून ठेवतो आणि 'रिव्हर्ट' म्हटल्यास ते परत देतो. सर्वच फोनांतील सर्व प्रोग्राम असे सुजाण नसतात. जो प्रोग्राम वापरता त्यात 'प्रत जतन करा' अशी आज्ञा आहे का, हे आधी एखाद्या साध्या चित्रावर पाहून घ्यावे. प्रयोग फुलाच्या चित्रावर करावा. वडिलांच्या करू नये.

येथे एक शंका येईल, की आम्ही चित्र कापणार नाही, फक्त थोडे उजळ करू आणि त्याच नावाने ठेवू. त्यात काय बिघडते? बिघडते. जेपीजी हे स्वरूप १९९२ साली प्रमाणित झाले. त्याचा हेतू फाईल लहान करणे हा. त्यासाठी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्यांस सहसा न जाणवणारा बारीक तपशील त्यातून गाळून टाकला जातो. एकदा गाळलेले परत येत नाही. चित्र उघडून, बदलून पुन्हा जेपीजीत साठविले की पुन्हा गाळणे होते. टंकलेखन यंत्रावरची कार्बनप्रत आठवा. पहिली प्रत वाचता येते. परंतु त्या प्रतीवरून केलेली प्रत, तिच्यावरून आणखी एक, असे होत गेले म्हणजे शेवटी अक्षराचा डाग उरतो. म्हणून जुन्या चित्राचे स्कॅनिंग करून घेताना पहिली फाईल टीआयएफ किंवा पीएनजी स्वरूपात घ्यावी. या स्वरूपांत साठविताना सामान्यतः काही गाळले जात नाही. फाईल मोठी होते, होऊ द्यावी. पुठ्ठ्याच्या मागील मजकूर, तळाची नावे, छायाचित्रकाराचा शिक्का, हेही त्याबरोबर स्कॅन करावे. चेहरा हे चित्र असते. नाव हा इतिहास असतो.

पुढे आम्ही संस्थेच्या कार्यालयात जी शिस्त लावली ती सांगतो. प्रत्येक संग्रहात 'मूळ' नावाचे एक दालन असते. त्यातील प्रत्येक फायलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'रीड-ओन्ली' या चौकटीत खूण केलेली असते, म्हणजे 'वाचा, लिहू नका'. अशा फायलीवर 'सेव्ह' करू गेल्यास संगणक सहसा नकार देतो आणि दुसरे नाव मागतो. दुरुस्ती करावयाची तर प्रथम फायलीची प्रत काढून ती 'काम' नावाच्या दालनात न्यावयाची आणि तेथेच हात चालवावयाचा. छायाचित्रकारांत तीन-दोन-एक असा एक पाठ आहे, तोही आम्ही पाळतो: प्रत्येक मूळ चित्राच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. दुसऱ्या गावी का, हे चिपळूणच्या सभासदांस सांगावयास नको.

बंधुभगिनींनो, रूढी बदलण्याविषयी आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून पुष्कळ वेळा बोलले गेले आहे. लग्नातील मानपान, हुंडा, खर्चाचा बडेजाव यांविषयी आपल्या पूर्वसूरींनी कठोर शब्द वापरले, आणि त्यांतील काही रूढी खरोखरच मागे पडल्या. त्यांच्या पुढे आमची ही संगणकाची रूढी अगदी क्षुल्लक. तरी दोहोंत एक गोष्ट सारखी आढळते. बदल करणारा उत्साहाच्या भरात असतो. त्यास जो चेहरा हवा आहे तो चौकटीत धरून तो बाकीचे कापून टाकतो, आणि आपण काय कापले हे पाहावयास त्यास सवड नसते. आम्ही चिटणीसांचा चेहरा वाचविला, कारण ते थोर होते. सतरंजीवरची मुले, मागच्या रांगेत माना उंचावून उभे असलेले तरुण थोर नव्हते. परंतु त्यांच्याही घरी कोणी तरी त्यांची वाट पाहत होते. म्हणून आमची प्रार्थना एवढीच, की हत्यार खुशाल बदला, रूढी अवश्य बदला. मूळ मात्र बाजूला सुखरूप ठेवून मग बदला.

त्या समूहचित्राचे पुढे काय झाले, हे सांगून आटोपते घेतो. स्कॅनिंग करणाऱ्या आपल्या एका तरुण कार्यकर्त्याने त्याच दिवशी कौतुकाने ते व्हॉट्सॲपवर सभासदांस पाठविले होते. एका भाच्याच्या जुन्या फोनमध्ये ते सापडले. व्हॉट्सॲप चित्र पाठविताना ते लहान करते; त्यामुळे चेहरे ओळखू येतात न येतात असे झाले आहेत, आणि तळाची नावे तर मुळीच वाचता येत नाहीत. तीच प्रत मोठी करून आज सभागृहाच्या प्रवेशद्वाराशी फळ्यावर लावली आहे. वडीलधाऱ्या मंडळींच्या साहाय्याने सदतीसपैकी एकवीस जण ओळखता आले. सोळा जण अद्याप बिननावाचे आहेत. जाताना क्षणभर तेथे थांबावे. एखादा कान, एखादी टोपी, उभे राहण्याची एखादी लकब आपणांस ओळखीची वाटेल, तर बाजूच्या वहीत लिहावे.

आणि आणखी एक. त्या काळी असे समूहचित्र काढले म्हणजे त्यात बसलेल्या बऱ्याच जणांनी एकेक प्रत पैसे देऊन घेतलेली असे. चिपळूणची प्रत पुरात गेली. परंतु दुसऱ्या एखाद्या घरी, एखाद्या ट्रंकेत, दुसरी प्रत असण्याचा पुष्कळ संभव आहे. भिंतीवरील चौकटी उघडूनही पाहाव्या. जागा वाचावी म्हणून जुन्या चित्रावरच नवे चित्र ठेवून चौकट बंद करण्याची आपल्याकडे रीत होती. सापडल्यास आम्हांस नुसते कळवावे. आम्ही आपल्या घरी येऊ, आपल्यासमोर स्कॅनिंग करू, आणि चित्र आपल्या भिंतीवरून एक दिवसही हलविणार नाही.

चिपळूणच्या त्या काकूंना आम्ही सारा प्रकार खरा सांगितला. लपविण्यासारखे पुष्कळ होते. परंतु जन्मभर मुलांस खरे बोलावयास शिकविले, तेव्हा निवृत्तीनंतर तो पाठ मोडवेना. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, दुसऱ्या कुणाकडे असेल का हो?"

तोच प्रश्न आम्ही आज आपणां सर्वांस विचारीत आहोत.